खाली ठेवू नको

शरणू, तुझ्या घरून आत्ताच आलोय आणि हातपाय न धुताच तुझ्याशी भांडायला बसलोय. तू जाऊन अजून आठवडाही झालेला नाही. लोक म्हणतील, गेलेल्या माणसाशी कसलं भांडण काढतोय हा. पण आपलं दुसरं काही होतंच कुठं? शाळेच्या बाकावर कुणाचं कोपर किती पुढं यावं, तिथून जे सुरू झालं ते परवापरवापर्यंत चालू होतं. मधेच उठून गेलास, हे काही बरोबर केलं नाहीस.

तू कोण होतास, दुकान कुठं होतं, मागे कोण कोण आहे, हे मी लिहिणार नाही. कमलनगरात ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि ज्याला ठाऊक नाही त्याला सांगून उपयोग नाही. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. तिकडे हिमालयात, हिमनदीच्या अलीकडे, एका खडकाच्या आडोशाला तू तुझ्या गळ्यातलं लिंग काढून माझ्या हातात दिलंस. घरी परतल्यावर त्या लिंगाचं तू काय केलंस? तसंच गळ्यात ठेवलंस, की मठात जाऊन शुद्ध करून घेतलंस? इतकी वर्षं हे तुझ्याच तोंडून ऐकायचं होतं. मी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस.

आपल्या भागाबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागेल. तुमच्यात लिंग लहानपणापासून अंगावर असतं. चांदीच्या डबीत, दोऱ्यात ओवलेलं. रोज आंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मगच तोंडात घास. ते अंगावेगळं झालं की माणूस जिवंत असून नसल्यासारखा, असं तुझी आई, आपली अव्वा, सांगायची. आणि मी कुठल्या घरातला, हेही सांगायला हवं. धर्मांतराच्या वर्षी माझ्या बापानं घरातले सगळे देव पोत्यात भरून मांजरा नदीत सोडले. मी काठावर उभा होतो. त्याच्या आधी आणि नंतरही बरीच वर्षं, तुझ्या अंगणात मी खेळायला आलो की अव्वा मला ताक वरून ओतायची, ओंजळीत. पोटभर ओतायची. आणखी हवं का विचारायची. पण वरून. पुढं मला कप मिळाला, तो कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. मी मास्तर झाल्यावर तो कप कधी बाकीच्या कपांत मिसळला ते मला कळलं नाही. कदाचित फुटला असेल.

तुला हे बर्फाचं वेड कसं लागलं, त्याचा साक्षीदार मीच आहे. उन्हाळ्यात तुझ्या दुकानासमोरच्या सोडावाल्याकडं उदगीरहून बर्फाची लादी यायची, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. येईपर्यंत निम्मी वितळलेली. तू काटा सोडून समोर जायचास आणि गोणपाटावर हात ठेवून उभा राहायचास. गिऱ्हाईक ओरडायचं. मग कुठल्या तरी अडत्याचं कॅलेंडर आलं, त्यावर दोन डोंगरांच्या मधून उतरणारी पांढरी हिमनदी होती. साल संपलं, तारखा निकामी झाल्या, पण तू ते खिळ्यावरून उतरवलं नाहीस. कुणी तारीख विचारली की तू त्यात बघून चुकीची सांगायचास. आपण म्हैसूर राज्याचा नकाशा काढायला शिकलो, पुढं त्याचं नाव कर्नाटक झालं, माझे केस पिकायला लागले, तरी ते चित्र तिथंच.

एक दिवस पेपरात जाहिरात आली. पिंडारीच्या हिमनदीपर्यंत पायी सहल, वाटाड्या सोबत, तंबू आणि जेवण त्यांचं. तू मला न विचारता दोघांची नावं कळवून टाकलीस. मी चिडलो तेव्हा म्हणालास, मास्तर लोकांना मे महिन्यात दुसरं काय काम असतं. बायको हसली, म्हणून मी गप्प बसलो. नाहीतर तिथंच मोडलं असतं.

अव्वानं सोडलं, पण एका अटीवर. कुठंही गेलास तरी आंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. तू तिच्या पायावर हात ठेवून कबूल केलंस. मग तिनं डबे भरले. कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि ओल्या फडक्यात बांधलेली बेलाची पानं. त्यातला एक डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, हा तुझा, ह्याच्याकडं देऊ नको, हा दोन्ही खाईल. तिची माझ्यावर माया होती, शरणू. त्याबद्दल मी कधीच शंका घेतली नाही. तेच तर अवघड होतं.

कमलनगरला गाडीत बसलो आणि गाड्या बदलत बदलत डोंगराच्या पायथ्याला पोचलो. वीस-पंचवीस माणसं होती, पुण्याची, हैदराबादची, कुठली कुठली. सगळ्यांकडं जाड बूट, आपल्याकडं कॅनव्हासचे. तुझी माकडटोपी पाहून एका पोरीनं हसू दाबलं आणि तू तिला विचारलंस की तिचे कान लोखंडाचे आहेत का. आपल्याच बाजूचे एक जण त्यात निघाले, गुलबर्ग्याचे पाटील इंजिनियर, निवृत्त, तुमच्याच समाजातले. तुम्ही दोघं कन्नडमधून इतकं बोलत सुटलात की दोन दिवस मी एकटाच चालत होतो. मला त्याचा राग आला होता. आता सांगतो.

वाटाड्या दीवानसिंग त्याच डोंगरातला. बोलायला कमी, चालायला सावकाश. तो पुढं चालायचा, त्याच्या पुढं कुणी जायचं नाही, एवढाच त्याचा धाक. तिसऱ्या मुक्कामावर मात्र त्यानं सगळ्यांना बसवून बजावलं. इथून वर आंघोळ बंद. अंगावरचा कपडा ओला होऊ द्यायचा नाही, झालाच तर लगेच बदलायचा, आणि कुणाला हुडहुडी भरली तर लपवायचं नाही. तू उठून तुझ्या दखनीत म्हणालास, ‘साब, हमना नहाये बगैर चाय भी नक्को.’ सगळे हसले, तोही हसला. मग त्यानं तेच सगळं पुन्हा सांगितलं, फक्त तुझ्याकडं बघून.

तुला ते पटलं नाही, आणि कसं पटणार होतं? आपल्याकडं पाण्यावाचून माणसं मरतात. मे महिन्यात आडाला तळ दिसायला लागला की आईबाया घागरी घेऊन रात्र जागतात. दोनदा आंघोळ मिळाली तर तो दिवस सणाचा. पाणी जीव घेतं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही, पुरात सोडून. तू मला म्हणालास, थंडीला काय घाबरायचं, थंडी म्हणजे उन्हाचा उतार. पाटील साहेबांनी त्या दिवसापासून कोरडी पूजा सुरू केली. कपाळाला विभूती लावायची, लिंग हातावर घ्यायचं, डोळे मिटायचे, झालं. तू मला मराठीतून हळूच म्हणालास की नोकरदार लोकांचा देवही रजेवर जातो. मी हसलो. तेव्हा मी पाटील साहेबांच्या बाजूनं बोलायला हवं होतं असं नाही, पण हसलो खरा.

शेवटच्या तळावरून हिमनदी सकाळच्या चालीवर होती. दुपारपर्यंत जायचं, बघायचं, परतायचं. ते डोंगर तंबूतूनही दिसत होते आणि तू रात्री दोनतीनदा पडदा वर करून बघितलंस. पहाटे मला जाग आली तेव्हा तू जागेवर नव्हतास. नाल्यावर आंघोळीला गेला असशील हे मला कळायला हवं होतं. मला वाटलं, परसाकडं गेला. आलास ते कपाळावर तीन बोटं विभूती ओढून, ओठ निळे. विचारलं तर म्हणालास, एकदम हलकं वाटायलंय. दोन गुळाच्या खड्यांवर निघालास. धोतर पिळून तेच आत नेसलायस आणि बनियनसुद्धा ओलंच आहे, हे तू कुणाला सांगितलं नाहीस. गट थांबायला नको म्हणून.

वर वारा होता. वाटेत मळकं, घट्ट बर्फ लागलं आणि तू वाकून त्यावर हात ठेवलास, उदगीरच्या लादीवर ठेवायचास तसाच. नंतर तू मागं पडू लागलास. मला वाटलं, दमलास. तू काहीतरी बोलत होतास, पण शब्द एकमेकांत अडकत होते. मी चेष्टा केली की सकाळीच चढली का. तू बसलास आणि उठेनास. दीवानसिंग मागं फिरून आला, तुझ्या सदऱ्याच्या आत हात घातला आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं बाकीच्यांना दुसऱ्या वाटाड्याबरोबर पुढं पाठवलं. एका मोठ्या खडकाच्या आडोशाला ताडपत्री ओढली आणि तुझे कपडे काढायला लागला. मी आणि पाटील साहेब तेवढे थांबलो.

बनियनखाली लिंग होतं. दोरा भिजून छातीला चिकटलेला, डबीवरचं फडकं भिजलेलं. ते काढल्याशिवाय बनियन निघत नव्हतं. दीवानसिंगनं दोऱ्याला हात घातला आणि तू, ज्याला उभं राहता येत नव्हतं तो तू, त्याच्या हातावर फटका मारलास आणि डबी मुठीत धरलीस. त्यानं समजावलं, मी समजावलं. पाटील साहेब पुढं झाले. त्यांनी आपली ओंजळ पुढं केली आणि कन्नडमध्ये म्हणाले की माझ्याकडे दे, मी आपल्यातलाच आहे, मी सांभाळतो. बरोबरच होतं त्यांचं. तू त्यांच्याकडं पाहिलंस आणि मान हलवलीस. मग तुझी नजर मला शोधत आली.

‘माणिक, तू धर. खाली ठेवू नको.’

मी आधी उजवा हात पुढं केला, मग डावा. तुला अंगणातून बघत आलो होतो, लिंग डाव्या तळहातावर घेताना. तू स्वतः दोरा डोक्यावरून काढलास आणि माझ्या हातावर ठेवलंस. डबी तुझ्या अंगापेक्षा गरम वाटली, म्हणजे तू किती गार पडला होतास बघ.

ते किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. दीवानसिंगनं तुला कोरड्या घोंगड्यांत गुंडाळलं, स्वतः तुझ्या पाठीला पाठ लावून बसला, चुलीवर चहा केला आणि त्यात साखर घालतच राहिला. पाटील साहेब तुझे पाय चोळत होते. त्यांना वाईट वाटलं असणार, पण माणूस मोठा, पायावरचा हात त्यांनी काढला नाही. आणि मी नुसता हात धरून बसलो होतो. हातमोजा काढलेला. बोटं बधिर झाली तरी मिटता येईनात, आणि मिटावीत की नाही तेही कळेना. चहा उजव्या हातानं प्यालो. लघवीला लागली तरी गेलो नाही. आता हसू येतं, तेव्हा आलं नाही.

मी तुला खोटं सांगणार नाही. मी मनात नमस्कारसुद्धा केला नाही. बापानं देव सोडले होते, मीही सोडलेले होते, आणि ते परत घ्यायचा माझा विचार नव्हता. मला बाप आठवला. त्याला हे दाखवलं असतं तर काय म्हणाला असता, या विचारानं घाम फुटला, त्या थंडीत. आणि मला अव्वाचं ताक आठवलं. वरून पडणारी धार. जिच्या घरातल्या भांड्याला माझा ओठ लागत नव्हता, त्या घराचा जीव माझ्या तळहातावर होता आणि तो तू आपण होऊन ठेवला होतास, तुझ्या जातीचा हात शेजारी पसरलेला असताना. मला रडू आलं. पाटील साहेबांना वाटलं, तुझ्या काळजीनं. तेही होतंच.

दुपार कलायच्या आत तुझा आवाज परत आला. पहिलं काय बोललास आठवतं? ‘माणक्या, कुठाय ते?’ मी हात वर केला. तू ते घेतलंस, गळ्यात घातलंस आणि मग चटणी-भाकरी मागितलीस. पूजा न करता खाल्लीस. पुढं गेलेली मंडळी परत आली तेव्हा ती हिमनदीचं वर्णन करत होती, निळं बर्फ, भेगा, खाली वाहणाऱ्या पाण्याचा आवाज. आपण दोघं ऐकत बसलो. ताडपत्रीच्या कडेतून तिचा पांढरा पट्टा तेवढा दिसत होता.

त्यावरून आपलं पुढं सात वर्षं वाजलं. तू कमलनगरभर सांगत सुटलास की हिमनदी बघून आलो. मी म्हणायचो, गाडीतून स्टेशन दिसलं म्हणजे गावात जाऊन आलो असं होतं का? तू म्हणायचास, डोळ्यानं दिसलं ना, मग बघितलंच. दुकानातल्या गिऱ्हाइकांना साक्षीला बोलवायचास. हे भांडण मिटायला नको होतं, मला त्याची गोडी होती. दुसरं भांडणही मला आवडायचं. तू म्हणायचास, माझ्या लिंगाची अर्धा दिवस सेवा केलीस, तुझा बाप वरून बघत असंल. मी म्हणायचो, सेवा नाही, नुसतं धरलं, ओझं म्हणून. तू हसायचास. पण त्यापुढं विषय गेला की तू काटा पुसायला लागायचास, नाहीतर आतल्या पोराला हाक मारायचास. मला ते कळत होतं. मी तिथंच थांबायचो.

परतताना गाडीत तू एवढंच म्हणाला होतास, अव्वाला सांगू नको. मी सांगितलं नाही, बायकोलाही नाही. गावी आल्यावर पंधरा-वीस दिवस तू माझ्याकडं फिरकला नाहीस. मी समजलो, अशक्तपणा. मीच बघायला आलो तेव्हा तू झोपलायस असं सांगितलं. मग एका संध्याकाळी आलास आणि माझ्या घरी जेवलास, आग्रह करावा न लागता, आणि बोललास अगदी कमी.

दोनदा तू सांगायला आला होतास, हे मला आता समजतं. निर्ण्याला लग्नाला गेलो होतो, परतताना लिंबाखाली बसची वाट बघत होतो. तू म्हणालास, माणिक, तुला एक सांगायचंय, रागवायचं न्हाई. मी म्हणालो, आधी सांग, रागवायचं का ते नंतर ठरवतो. बस आली, गर्दी होती, तू पुढच्या दाराला लटकलास, मी मागच्या. उतरल्यावर विचारलं तर म्हणालास, विसरलो. आणि दुसऱ्यांदा माझी बदली ठाणाकुशनूरला होती तेव्हा. स्कूटरवर एवढ्या लांब आलास, भर उन्हात. शाळेच्या ओट्यावर बसलास, पाणी प्यालास, पोरांची कवायत बघितलीस आणि गेलास. बायकोनं विचारलं, कशाला आले होते? मी म्हणालो, त्याला उन्हात फिरायची हौस आहे.

तू गेलास त्या दिवशी तुझ्या घरी आलो तेव्हा तुला आंघोळ घालून भिंतीला टेकवून बसवलं होतं. तुमच्यात बसवूनच नेतात. कपाळभर विभूती. डोळे मिटून दुकानात दुपारी बसायचास तसाच दिसत होतास, आणि त्यामुळं मला धड रडताही येईना. मी अंगणात, कडेला उभा होतो. मठातले स्वामी आले. त्यांनी तुझं लिंग काढून पूजा केली आणि तुझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटेनात. ते घरंगळलं, त्यांनी पुन्हा ठेवलं, पुन्हा घरंगळलं. कुणीतरी धरून बसायला हवं होतं. तुझा चुलतभाऊ पुढं झाला. तेव्हा अव्वा बोलली.

‘माणिकला बोलवा. त्येच्या हातात ऱ्हायलंय ते.’

स्वामींनी अव्वाकडं बघितलं, मग माझ्याकडं आणि बाजूला सरकले. मी येऊन तुझ्याजवळ बसलो आणि तुझी मूठ माझ्या दोन्ही हातांत धरली, तुला न्यायला उचलेपर्यंत. त्या सगळ्या वेळात माझ्या डोक्यात एकच होतं, अव्वाला हे कसं माहीत? तिकडं आपण चौघं होतो. पाटील साहेब गुलबर्ग्याला, दीवानसिंग त्याच्या डोंगरात. मी बोललो नव्हतो.

म्हणून आज गेलो. अव्वा झोपली होती. तुझी बायको, महादेवी, चुलीशी होती. मी सरळ विचारलं. ती पदराला हात पुसत म्हणाली, ‘भावजी, तुमाला ठावच न्हाई व्हय? म्या समजत होते त्यांनी सांगितलं असंल.’

तूच अव्वाला सांगितलंस म्हणे, आल्यावर तिसऱ्याच दिवशी, पूजेला बसला असताना. लपवणं तुला जमलं नाही. अव्वानं ताट सरकवलं. मठात जाऊन लिंग शुद्ध करून, फिरून बांधून घेतल्याशिवाय मी अन्न घेणार नाही, म्हणाली. तू दोन दिवस नाही म्हणालास. तिच्याशी भांडलास, भिंतीला डोकं टेकून बसलास, तूही जेवला नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हातारी उठेना तेव्हा गेलास. येताना आमच्या गल्लीवरून आला नाहीस, रेल्वेच्या मागच्या वाटेनं आलास. महादेवीला म्हणालास, हे माणिकला मी सांगीन, तू बोलू नको. ती म्हणाली, ‘आज सांगतो, उद्या सांगतो, असंच करायलेत सात वरसं. ठाणाकुशनूरला त्येच्यासाठीच गेलते. वापस येऊन न जेवता झोपले.’

अव्वाचं काय, मी विचारलं. तिनं त्या दिवशी असं कामून म्हणलं? महादेवीनं मान हलवली. अव्वा त्यानंतर त्याबद्दल कधीच काही बोलली नाही, एवढंच तिला ठाऊक. मात्र तू मठातून आलास त्या रात्री अव्वानं भाकरी केली, तू ती खाल्लीस, तिला गेली नाही. एवढं बोलून महादेवीनं मला चहा दिला. मी तो पिऊन निघालो.

मला राग आलाय, शरणू. आधी मनाला सांगून बघितलं की तू मठात गेलास याचा नाही, तू लपवलंस त्याचा आहे. पण ते खोटं आहे, मठात गेल्याचाही आलाय. माझ्या हाताला काय लागलं होतं रे, धुवून काढण्यासारखं? त्या हातानं तुला पहिली दुसरीपासून पाढे उतरवून दिले. मग वाटतं, आई उपाशी भिंतीकडं तोंड करून पडली असती तर मी काय केलं असतं? माझ्या बापानं देव सोडायला सांगितले तेव्हा मीही पोत्याचं तोंड धरलंच की, मला कुणी विचारलं नव्हतं. तिकडं पाटील साहेबांचा हात सोडून तू माझा हात निवडलास, हे खरं आहे. इथं येऊन तो पुसून घेतलास, हेही खरं आहे. दोन्ही तूच केलंस. यातलं एक खरं धरून दुसरं विसरावं असा प्रयत्न मी मघापासून करतोय. होत नाही.

आणि अव्वा. जिनं ते करायला लावलं, तिनंच ते भर अंगणात, स्वामींच्या तोंडावर, सगळ्या भाऊबंदांसमोर उलटवलं. तिच्या मनात ते कधी फिरलं, हे मी तिला विचारणार आहे. उद्याच जाणार आहे. बहुतेक ती मला आधी जेवायला बसवेल, आणि ते मी खाईन.

तुझं मात्र कळत नाही. इतक्या वर्षांत तुला माझी एवढीच ओळख पटली का? सांगितलं असतंस तर काय झालं असतं, ते मी सांगतो. मी तुझ्याशी बोललो नसतो. दोन महिने, फार तर चार. तुझ्या दुकानासमोरून जाताना मान दुसरीकडं वळवली असती. बायकोला तुझ्याबद्दल नाही नाही ते सांगितलं असतं. मग कुठल्या तरी लग्नात पंगतीला शेजारी बसायची वेळ आली असती आणि तू मोठ्यानं कुणाला तरी सांगितलं असतंस की आपण हिमनदी बघून आलो, आणि मला गप्प राहवलं नसतं. एवढंच झालं असतं. ते दोन-चार महिने सोसायचा धीर तुला झाला नाही, आणि आता बघ, केवढा अबोला धरून बसलास.